आमच्या चुलीचा हिशेब

रविवारच्या पुरवण्या चाळल्या की पाककृतींचे एक पान हमखास सापडते. 'आजीच्या हातची चव', 'विस्मरणात गेलेले मराठी पदार्थ' अशी त्याची शीर्षके असतात. आत काय असते? पुरणपोळी, साटोऱ्या, अळूचे फदफदे, चिंच-गुळाची आमटी, पंचामृत. पदार्थ चांगले आहेत, त्यांच्याशी आपले भांडण नाही. प्रश्न एवढाच की ही आजी कोणाची? गावकुसाबाहेरच्या घरातही आजी होतीच की! तिने घातलेली फोडणी, तिने थापलेली भाकरी, तिने वाळवून ठेवलेली भाजी या पानावर 'मराठी' म्हणून का येत नाही?

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि घराघरांत पोचले. नव्या सुनेला वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक शिकवणारे ते पुस्तक आहे आणि माझ्याही फडताळात त्याची एक प्रत आहे. बाईंनी आपल्या घरचे लिहिले, प्रामाणिकपणे लिहिले. एका घरच्या स्वयंपाकाला अख्ख्या महाराष्ट्राचा स्वयंपाक ठरवणारे लोक वेगळे आहेत. त्यांच्या 'महाराष्ट्रीय थाळी'त वजडी नाही, रक्ती नाही, चान्या नाहीत, हुलग्याचे माडगे नाही, तरवट्याची भाजी नाही. म्हणजे आपण जे खाऊन जगलो ते अन्नच नव्हते, असा त्याचा अर्थ होतो.

आपल्या बाजूने हे लिहिले गेले ते आधी आत्मकथनांतून. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं', दया पवारांचे 'बलुतं', ऊर्मिला पवारांचे 'आयदान' यांत भूक आहे, भाकर आहे, ताटात काय पडले याचा हिशेब आहे. पुढे २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने शर्मिला रेगे व सहकाऱ्यांचे 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' हे पुस्तक काढले. हे ताट भारतीय नाही का, असा सरळ सवाल त्याच्या नावातच आहे. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले आणि मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकघरातील पदार्थ कृतीसह मराठीत छापले गेले. २०२४ मध्ये भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. आपल्या किती घरांत ही पुस्तके आहेत हे ज्याचे त्याने पाहावे.

मी मराठवाड्यातली. आताचा धाराशिव आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका गावात, वाड्यातल्या शेवटून दुसऱ्या घरात माझे बालपण गेले. पुढे नोकरीनिमित्त शहरात आले, ओट्यावर गॅस आला, मिक्सर आला. पण हात अजून माईचेच आहेत. पीठ मळताना शेवटी परातीला चिकटलेले पीठ बोटांनी खरवडून गोळ्याला लावायचे, कालवणाचे पातेले भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्यायचे, कांदा सुरीने न चिरता मुठीने फोडायचा, भाजी धुतलेले पाणी मोरीत न ओतता झाडाला घालायचे. हे सारे मला कोणी शिकवले नाही. माईच्या शेजारी बसून ते अंगात आले.

यातील प्रत्येक सवयीमागे एक कारण आहे आणि ते कारण सुगरणपणाचे नाही. पाण्याचेच घ्या. आड गावात होता, पण आपल्यासाठी नव्हता. उन्हाळ्यात माय नदीच्या वाळूत झरा खणून वाटीवाटीने घागर भरायची. ज्या घरात एका घागरीसाठी अर्धा दिवस जातो, त्या घरातील बाई भाजी तीन पाण्यांनी धुणार नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या ओंजळीचा स्वयंपाकाशी काय संबंध, असे कोणी विचारले तर त्याला आमच्या घरच्या पातेल्यात किती पाणी असायचे ते सांगावे लागेल.

विस्तवाचेही तसेच. काडेपेटी रोज ओढायची चैन नव्हती. रात्री चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवायचे, सकाळी राख बाजूला सारून फुंकणीने फुंकायचे. विझलेच तर शेजारच्या घरी तुटक्या खापरावर विस्तव मागायला जायचे. वाड्यात एकमेकींशी बोलणे बंद असले तरी विस्तवाला कोणी नाही म्हणत नसे. हे आठवले की बरे वाटते. पण चुलीचे कौतुक मी करणार नाही. शहरातल्या हॉटेलांवर 'चुलीवरचे मटण' अशा पाट्या लागल्या आहेत आणि लोक गाड्या काढून तिथे जातात. ओल्या तुराट्यांच्या धुराने माईचे डोळे कायमचे लाल झाले ते या पाट्यांवर कोण लिहिणार?

आता तुकड्यांविषयी. नव्या पिढीला हे माहीत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

महाराकडे गावकीची कामे होती आणि त्या कामाचा मोबदला पैशात नव्हता. येसकराची पाळी ज्या घरी असेल त्या घरचा माणूस संध्याकाळी काठी घेऊन दारोदार फिरायचा आणि घराघरातून भाकरी मागायचा. भाकरी वरून टाकली जायची, हातात दिली जात नसे. ती ज्वारीची असे, बाजरीची असे, ताजी असे, शिळी असे. कधी तिच्यावर कोरड्यास असे, कधी ती बुरसलेली असे. सगळे एका घोंगडीत. घरी आल्यावर बायका ते निवडायच्या. त्या दिवशी खाण्याजोगे बाजूला, उरलेले तुकडे उन्हात कडक वाळवून गाडग्यात. पावसाळ्यात काम नसे, घरात दाणा नसे, तेव्हा ते गाडगे निघायचे. पाणी उकळायचे, त्यात मीठ, ठेचलेला लसूण आणि असेल तर तिखट टाकायचे, तुकडे सोडायचे आणि मऊ होईपर्यंत शिजवायचे. झाले जेवण.

महार वतन घालवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. आमच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे आमच्या घरातून कोणीही भाकरी मागायला गेले नाही ते धर्मांतराच्या आदल्या वर्षापासून. आजोबांनी काठी मोडून चुलीत घातली आणि तिच्यावर त्या रात्रीचा स्वयंपाक झाला, असे ती सांगायची. खरे किती आणि रंगवलेले किती ते आता विचारायला ती नाही.

पण काठी जळाली तरी तुकडे राहिले. फरक एवढा झाला की ते आता आपल्या घरच्या भाकरीचे होते. माझ्या लहानपणी माय शिळी भाकरी हाताने कुस्करायची, लोखंडी तव्यावर चमचाभर करडईच्या तेलात मोहरी, हिरवी मिरची, लसूण आणि भरपूर कांदा परतायची, त्यावर कुस्करा टाकून पाण्याचा एक हबका मारायची आणि वर झाकण ठेवायची. दोन मिनिटांनी उतरवायची. शाळेत जाण्याआधी आम्ही हेच खायचो आणि आजही माझ्या घरी आठवड्यातून एकदा हे होतेच. माझी नातवंडे त्याला 'भाकरीचे पोहे' म्हणतात. त्यांना मी ती घोंगडीची गोष्टही सांगितली आहे. थोरल्याने विचारले, "मग आपण हे अजून कशाला खातो, आजी?" मी म्हणाले, "चांगलं लागतं म्हणून खातो बाळा, आणि आता कोणापुढे हात पसरून आणलेलं नाही म्हणून खातो."

याच प्रश्नाभोवती आपल्या समाजात दोन टोकाची मते आहेत. एक मत असे की ते सारे लाचारीचे खाणे होते, बाबासाहेबांनी ते सोडायला लावले, आता त्याची आठवण कशाला काढता? दुसरे मत अलीकडचे. आपल्या खाद्यसंस्कृतीचा अभिमान बाळगा, सारे पदार्थ पुन्हा ताटात आणा, महोत्सव भरवा. मला दोन्ही मते अर्धवट वाटतात.

बाबासाहेबांनी नेमके काय सोडायला सांगितले ते नीट पाहिले पाहिजे. १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका आणि उष्टे, शिळे मागून आणू नका असे बजावले. त्याच वर्षाच्या अखेरीस महाडलाच स्त्रियांशी बोलताना घरात मेलेल्या जनावराचे मांस येऊ देऊ नका, हेही सांगितले. म्हणजे सांगितले ते चुलीपाशी बसणाऱ्या बाईला सांगितले, कारण ते अमलात आणणारी तीच होती. घरात दुसरे काही नसताना आलेले मांस परत पाठवणे म्हणजे पोरांना उपाशी निजवणे होते. गावाने पडलेली ढोरे ओढण्यासाठी दमदाटी केली, बहिष्कार टाकले, तरी गावोगावच्या बायकांनी हे केले. सत्याग्रहाच्या इतिहासात मोर्चात चाललेल्यांची नावे येतात. पातेले रिकामे ठेवणाऱ्या बायकांची नावे येत नाहीत, ती यायला हवीत.

पण मांस म्हणजे पाप, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचे मूळ शोधताना गोमांसाचा प्रश्नच मध्यवर्ती धरला. पूर्वी ब्राह्मणही गोमांस खात होते, पुढे त्यांनी ते सोडले, आणि जे वाताहत झालेले बौद्ध लोक ते खात राहिले ते अस्पृश्य ठरले, असा त्यांचा सिद्धान्त आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये अहिंसेविषयी लिहिताना त्यांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. सुत्तनिपातातील आमगंध सुत्तात तर दुर्गंधी मांसाची नसून हिंसा, चोरी, खोटेपणा, लोभ यांची असते असेच प्रतिपादन आहे. तरीही आपल्यातील काही सुशिक्षित कुटुंबे धम्माच्या नावाखाली आपण कसे 'शुद्ध शाकाहारी' आहोत हे पाहुण्यांना आवर्जून सांगतात. कोणी मनापासून, करुणेने मांसाहार सोडला असेल तर त्याला माझा जयभीम. पण 'शुद्ध' हा शब्द कुठून आला ते जरा तपासून पाहावे. ज्या शब्दाने आपल्याला अशुद्ध ठरवले तो शब्द आपल्या दिवाणखान्यात कसा येऊन बसला?

चान्यांचे सांगते. मांसाच्या लांब पातळ पट्ट्या कापून, मीठ लावून किंवा न लावताही, दोरीवर कडक उन्हात वाळत घालायच्या. चार-पाच दिवसांत त्या लाकडासारख्या होतात. मडक्यात भरून ठेवल्या की महिनेच्या महिने टिकतात. खायच्या वेळी निखाऱ्यावर भाजायच्या, ठेचायच्या आणि भाकरीबरोबर चघळायच्या. किंवा गरम पाण्यात भिजवून कालवण करायचे. बर्फाच्या पेटीशिवाय मांस टिकवण्याची ही युक्ती जगभरच्या गरिबांना ठाऊक आहे. आमच्या वाड्यात आठवडी बाजारातून विकत आणलेल्या मोठ्याच्या मांसाच्या चान्या होत. आम्ही पोरे शाळेत जाताना एखादी खिशात टाकायचो, आणि वर्गात तिचा वास आला की मागच्या बाकावर बसायचो तिथूनही आणखी मागे सरकवले जायचो.

१९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या पशुसंरक्षण कायद्यातील दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गायीबरोबर बैल व वळूच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये बंदी कायम ठेवली. राज्याबाहेरून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. शेळीचे मटण परवडत नाही अशा घरात हाडामांसाचे अन्न पोरांच्या पोटात जायचे ते याच स्वस्त मांसातून. कायदा करणाऱ्यांनी त्या पोरांसाठी पर्यायी काय दिले, हे कोणी विचारले नाही. माझ्या चुलत बहिणीने त्या वर्षी चान्यांची दोरी काढून टाकली. म्हशीचे मांस कायद्यात बसते हे तिला माहीत आहे, पण दारात वाळत घातलेले मांस कोणत्या जनावराचे हे ती कोणाकोणाला समजावत बसणार?

वजडीचे नशीब उलटे निघाले. मायच्या वेळी खाटीक वजडी, मुंडी, पाय आणि रक्त आपल्या लोकांना जवळजवळ फुकट द्यायचा. वजडी साफ करणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. कडकडीत पाण्यात बुडवून काढायची, वरचा काळा थर सुरीच्या पाठीने खरवडायचा, आतडी उलटी करून धुवायची, पुन्हा मीठ-हळद चोळून धुवायची. मग बारीक तुकडे करून तास-दीड तास शिजवायचे, आणि तेही थोड्याशा लाकडात. रक्त गोठले की त्याचे तुकडे करून, पाण्यात उकडून, भरपूर कांदा आणि तिखटावर परतायचे, ती रक्ती. आज शहरातील हॉटेलांत 'वजडी फ्राय' मिळते आणि पायाचे सूप अशक्त माणसाला डॉक्टर नव्हे तर शेजारपाजारचे लोक हमखास सुचवतात. दर पाहून मी मेनूकार्ड खाली ठेवते. ज्या पदार्थावरून आम्हाला घाणेरडे म्हटले गेले, तो प्लेटमध्ये आला आणि आमची ओळख तेवढी गाळून आला.

ज्वारी-बाजरीचेही हेच झाले. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, सरकारने त्यांचे 'श्रीअन्न' असे बारसे केले. आमच्या घरी गव्हाची पोळी सणाला आणि भात पाहुण्याला, बाकी सारे वर्ष जोंधळा. तेव्हा तो गरिबीची खूण होता. आता मॉलमध्ये त्याच्या कण्या पाकिटात मिळतात. जोंधळ्याच्या कण्या करायला पाकीट लागत नाही. ज्वारीला पाण्याचा हात लावून उखळात हलके कांडायचे, कोंडा पाखडून टाकायचा, जात्यावर जाडसर भरडायचे. चौपट-पाचपट पाण्यात मीठ घालून मंद आचेवर हलवत शिजवायचे. वर ताक असेल तर ताक, नसेल तर जवसाची चटणी. अंबाडीची भाजी करताना याच कण्या कामाला येतात. अंबाडीची पाने उकडून घट्ट पिळायची म्हणजे जास्तीचा आंबटपणा जातो, त्यात मूठभर कण्या आणि थोडी तुरीची डाळ शिजवून घोटायची, आणि वरून लसणाची खमंग फोडणी. तेल कमी असेल तर फोडणी ताटात घ्यायची, पातेल्यात घालायची नाही. थोडक्या तेलाचा वास सगळ्यांच्या वाट्याला येतो.

थोड्याचे पुष्कळ करणे हेच आमच्या स्वयंपाकाचे मूळ शास्त्र होते. त्याचे सर्वांत चांगले उदाहरण येसूर. बाजरी किंवा ज्वारी, थोडे गहू, हरभऱ्याची डाळ आणि धने वेगवेगळे खरपूस भाजायचे. त्यात भाजलेल्या लाल मिरच्या, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, दगडफूल, तमालपत्र, ऐपतीप्रमाणे दोन-चार लवंगा घालून सारे बारीक दळायचे. डब्यात भरून ठेवले की वर्षभर चालते. पावभर मटण आणि घरात नऊ माणसे, अशा वेळी पातेल्यात दोन तांबे पाणी वाढवायचे आणि वरून मूठभर येसूर पाण्यात कालवून सोडायचा. धान्याच्या पिठामुळे रस्सा दाट होतो, भाजलेल्या वासामुळे मटणाचा भास होतो. मटण नसले तरी नुसत्या येसुराची आमटी होतेच. दर घरचा येसूर वेगळा असायचा. वासावरून आम्ही पोरे सांगू शकायचो की कोणाच्या घरी आज काय शिजते आहे, आणि खरे सांगायचे तर कोणाच्या घरी काहीच शिजत नाही तेही.

१९७२ च्या दुष्काळात येसूरही संपला होता. तेव्हा मी सात वर्षांची होते. माय आणि दादा खडी फोडायला दुष्काळी कामावर जायचे. तिथे सुकडी मिळायची, आणि रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी. तिची भाकरी थापता थापता तुटायची आणि गार झाली की चामड्यासारखी व्हायची. माय तिच्यात उकडलेला पाला घालायची म्हणजे पीठ बांधून येई. तरवटा, तांदुळजा, घोळ, पाथरी, कुंजीर, कुरडू यांतील काय खायचे आणि काय नाही हे तिला पानाच्या पाठीवरून कळत असे. पावसाळ्यात शेताच्या बांधावर आपोआप उगवणारे हे सारे अजून उगवते. तणनाशक मारलेल्या रानात मात्र उगवत नाही. ओळखणाऱ्या बायका गेल्या की ते नुसते तण उरेल.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट टाळून चालणार नाही. आपल्या चुलीचे गुण गाताना त्या चुलीपाशी कोण उपाशी राहिले ते आपण सांगत नाही. मटणाचे पहिले तुकडे दादाच्या ताटात, मग भावांच्या, मग आम्हा बहिणींच्या. मायच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचा रस्सा. भाकऱ्या संपत आल्या की ती म्हणायची, "मला आज भूक न्हाई." दर दोन दिवसांनी तिची भूक कशी काय मरायची, हे कळायला मला स्वतःला आई व्हावे लागले. गावाने वाड्याला उष्टे दिले हा अन्याय आपण जगाला ओरडून सांगतो. घरातल्या बाईला शेवटी आणि उरलेले देणारे हात आपलेच होते. 'आयदान'सारखे लेखन मला जवळचे वाटते ते घरातल्या या भागाकडेही पाहते म्हणून. आजही कार्यक्रम झाला की मंचावर भाषणे पुरुषांची आणि मागे कढईपाशी महिला मंडळ, हे चित्र कितीसे बदलले आहे? माझ्या घरी मी एक नियम केला. सगळे एकत्र बसतात, भाकरी मध्ये ठेवली जाते आणि ज्याला हवी तो उठून घेतो. सुरुवातीला माझे यजमान कुरकुरले, आता तेच सर्वांना पाणी वाढतात.

नवीन घरांचे वेगळेच दुखणे आहे. माझ्या मुलीला शहरात भाड्याने घर शोधताना आडनाव विचारले गेले, आणि त्यावरून नीट उमगले नाही तेव्हा 'नॉनव्हेज खाता का' असे विचारले गेले. जात विचारणे आता सभ्यपणाचे राहिले नाही, म्हणून ताट विचारतात. तिने घर सोडले. तिची मैत्रीण तिथेच राहिली आणि खिडक्या बंद करून सुकट भाजते. सुकट भाजण्याची कृती तशी सोपी आहे: कोरड्या तव्यावर खमंग भाजायची, चोळून पाखडायची, कांदा-लसूण-तिखटावर परतायची. पण खिडक्या बंद करून करायची असेल तर तिला वेगळीच कला लागते!

दर ६ डिसेंबरला आमच्या गावातून चैत्यभूमीला जाणाऱ्यांच्या पिशव्यांत काय असते ते मला नेहमी पाहावेसे वाटते. एके काळी चार दिवस टिकतील अशा कडक भाकऱ्या, तिळाची नाहीतर कारळाची चटणी, कांदे आणि गुळाचा खडा. रेल्वेच्या डब्यात कोणीतरी फडके सोडले की अख्खा डबा जेवायचा. आता मुंबईत ठिकठिकाणी भोजनदान असते, त्यामुळे लोक बिस्किटांचे पुडे घेऊन निघतात. चांगलेच आहे. तरी गेल्या खेपेला आमच्या डब्यात एका म्हातारीने पिशवीतून कडक भाकरी काढली आणि समोर बसलेल्या, लॅपटॉप मांडीवर घेतलेल्या पोराला मोडून दिली. त्याने लॅपटॉप बंद करून दोन्ही हातांनी ती घेतली.

बुद्धपौर्णिमेला सुजाताच्या खिरीची आठवण म्हणून आपल्या वस्त्यांत खीर वाटली जाते. बहुतेक ठिकाणी ती तांदळाची नाहीतर शेवयांची, साखरेची असते. आमच्या भागात गव्हाची करायचे. गहू रात्रभर भिजवून, ओलसर असतानाच उखळात कांडून साल काढायची, मऊ शिजवायचे, मग गूळ घालायचा. गूळ आधी घातला तर गहू शिजत नाहीत. शेवटी सुंठ, खोबरे, असेल तर दूध. ही खीर एका पातेल्यात पन्नास माणसांना पुरते आणि दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते. वस्तीतल्या मंडळांनी यंदा करून पाहावी.

हे कागदावर उतरवायला मी दोन वर्षांपूर्वी सुरुवात केली. विहारात दर रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जणी जमतो, ज्येष्ठ बायका सांगतात, मुली लिहून घेतात. मोठी अडचण मापाची आहे. "किती पीठ?" असे विचारले की उत्तर येते, "लागल तेवढं." मग एका मुलीने युक्ती काढली. ती स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घेऊन आली आणि शेंगोळ्यांच्या वेळी माईला म्हणाली, "आज्जी, तुम्ही घालत राहा, मी मोजते." माय आता नव्वदीच्या घरात आहे. तिने हुलग्याच्या पिठाच्या तीन मुठी टाकल्या, ज्वारीच्या पिठाची एक, लसूण-जिऱ्याचा ठेचा, तिखट, हळद, मीठ घातले आणि घट्ट मळून दोन तळव्यांत बोटाएवढ्या वळ्या केल्या. उकळत्या फोडणीच्या पाण्यात त्या एकेक सोडल्या आणि परात विसळलेले पिठाचे पाणीही त्यातच ओतले. वीस मिनिटांत रस्सा दाटला. वहीत नोंद अशी आहे: हुलग्याचे पीठ १८५ ग्रॅम, ज्वारीचे ६० ग्रॅम, पाणी सव्वा लिटर, माणसे पाच. माईने ती नोंद वाचून घेतली आणि म्हणाली, "पाच न्हाई, सात लिव्ह. पाणी वाढवता येतं."